केंडोचे शब्द: आधी कोणते?
केंडो या जपानी तलवारबाजीतल्या शब्दांची सगळी यादी पाठ करत बसू नकोस. आधी 'यामे', म्हणजे थांबा. तो कानावर पडला की शिनाई, म्हणजे बांबूची तलवार, तिथल्या तिथे थांबलीच पाहिजे, कारण समोरचा थांबलेला असतो. 'हाजिमे' म्हणजे सुरू. तो उशिरा कळला तरी चालतं. मग आकडे: इची, नी, सान, शी, गो, रोकु, शिची, हाची, क्यू, जू. सुबुरीत, म्हणजे तलवार फिरवण्याच्या सरावात, मोठ्याने मोजायची पाळी तुझ्यावरही येईल, तीही धापा टाकताना. म्हणून घरी जिने चढताना मोजत जा. मेन (शिरस्त्राण), कोते (हातमोजे), दो (छातीचं कवच) ही चिलखताच्या भागांची नावं, आणि तिथल्या फटक्यांचीही. त्सुकी, म्हणजे गळ्यावरचा वार, सध्या राहू दे. जोडीदाराला सरावाआधी 'ओनेगाइ शिमासु', म्हणजे 'कृपया सराव करूया', असं म्हणायचं, पण पुटपुटत नाही. मेन घातल्यावर ऐकू कमी येतं.