भाऊ परभणी पोलीस दलात शिपाई होता, त्याने आत्महत्या केली. वहिनीला कुटुंब निवृत्तीवेतन मिळेल का?

हो, मिळेल, सेवेत असताना मृत्यू झाला की महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तीवेतन) नियम, 1982 प्रमाणे ते लागू होते, आत्महत्या हे नकाराचे कारण नाही. भरती 1 नोव्हेंबर 2005 किंवा नंतरची असेल तर त्या भरतीवाल्यांनाही हे निवृत्तीवेतन लागू करणारा 31 मार्च 2023 चा शासन निर्णय अर्जाला जोडा. अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या, पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. अनुकंपा नोकरीचा अर्ज वेगळा, तोही लवकरात लवकर टाका. उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) पैसे बहुतेकदा नामनिर्देशनावर अडतात: लग्नाआधी दिलेले आईचे नाव तसेच राहिलेले असते, म्हणून सेवापुस्तक आधी पाहा. पगार खात्यावरच्या अपघात विम्यात मात्र आत्महत्या बसत नाही. त्या रकमेची आशा वहिनींना लावू नका. रात्री-बेरात्री त्यांचा जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 मोफत आहे, मराठीत बोलता येते.