खोकं घेऊन आलेलं गिऱ्हाईक परत पाठवू नका

तुम्ही विचारलंय की लोक दुकानात येतात, सायकलवर बसून बघतात, साइझ विचारतात, फोटो काढतात, आणि चार दिवसांनी तीच सायकल ऑनलाइन मागवून खोकं जोडायला तुमच्याकडेच आणतात, तर आता भाव उतरवायचा की खोक्याला सरळ नाही म्हणायचं. मी २२ वर्षं हेच काम करतोय, आधी दुसऱ्याच्या हाताखाली, मग स्वतःचं, म्हणून जरा लांब लिहितो.

भाव उतरवू नका आणि खोकंही परत पाठवू नका. तुमचा राग मला कळतो, अर्धा तास समजावून सांगितल्यावर माणूस "विचार करून सांगतो" म्हणून निघून जातो तेव्हा कुणालाही वाईट वाटेल. पण तो राग खोक्यावर काढला तर नुकसान तुमचंच आहे.

भावाचं आधी उरकतो. २०२० मध्ये सायकलींची मागणी एकदम वाढली, कंपन्यांनी आणि दुकानांनी भरमसाट ऑर्डरी दिल्या, माल यायला महिनेच्या महिने लागले आणि माल हातात आला तोवर मागणी उतरलेली. गोदामं भरलेली, मग निघाले सेल, आणि अनेक सायकली दुकानदाराच्या खरेदीच्या भावाखाली विकल्या गेल्या. त्या लढाईत मोठेही टिकले नाहीत. विगल आणि चेन रिअ‍ॅक्शन सायकल्स ही ब्रिटनमधली ऑनलाइन सायकल धंद्यातली बडी नावं, २०१६ मध्ये एकत्र आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. दोन्ही मुळात छोट्या सायकल दुकानातूनच वाढलेली, हे मुद्दाम सांगतो. ज्यांच्याकडे एवढं भांडवल होतं त्यांना स्वस्त विकून जमलं नाही, तर आपण त्या वाटेला जायचंच कशाला.

आता खोकं. ऑनलाइन सायकल साधारण ८०-८५ टक्के जोडलेली येते असं सांगतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं की हँडल, पुढचं चाक, पॅडल आणि सीट बसवली की झालं. आपल्याला माहिती आहे की खरं काम त्या जोडलेल्या ८५ टक्क्यांतच असतं. कारखान्यात घाईघाईत आवळलेले बोल्ट, हेडसेटमध्ये, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये, नावापुरतं ग्रीस, हबचे कोन, म्हणजे चाकाच्या मध्यातले छर्रे धरून ठेवणारे नट, इतके टाइट की चाक हाताने फिरवलं तर छर्रे घासल्याचा आवाज येतो. स्पोकचा ताण कमीजास्त असतो, आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून ताण सारखा केला नाही तर थोड्याच दिवसांत चाक डुलायला लागतं. आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारी गोष्ट म्हणजे वाहतुकीत वाकलेला हँगर, म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ज्याला लटकतो तो फ्रेमवरचा तुकडा, कारण खोकं डिरेलरच्या बाजूवर आपटलेलं असतं. वरून काही दिसत नाही, गिअर थोडे अडखळतात इतकंच, पण माणूस चढावर सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकतो आणि डिरेलर सरळ स्पोकमध्ये जातो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एक गृहस्थ असंच खोकं घेऊन आले होते आणि मी त्यांना म्हटलं की जिथून घेतली तिथेच जोडून घ्या. त्यांनी घरीच जोडली. महिन्याभराने सायकल हातात धरून आले, डिरेलर स्पोकमध्ये अडकून तुटलेला, मागचं चाक कामातून गेलेलं आणि हात कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण हँगर गेज लावून सरळ करायला मला १० मिनिटं लागली असती, ते मी अजून विसरलेलो नाही, आणि त्या दिवसापासून खोकं कधीच परत पाठवलं नाही.

घरी जोडलेल्या सायकलींत तर काय काय दिसतं. पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसवलेला, म्हणजे ब्रेक मागच्या बाजूला येतो आणि पुढचं चाक पायाला लागतं, लहान मुलांच्या सायकलीत हे फार दिसतं आणि मला तिथेच सगळ्यात जास्त भीती वाटते. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसल्यामुळे जोर लावून लावून क्रँकचेच, म्हणजे पॅडल ज्यात बसतं त्या दांडीचेच, आटे मारलेले. हँडल धरणाऱ्या स्टेमवर बोल्ट किती आवळायचा ते, ५ न्यूटन मीटर, स्पष्ट लिहिलेलं असतं तरी अ‍ॅलन की घेऊन अंदाजाने पिळलेलं, आणि हँडल कार्बनचं असेल तर तडा गेलेला. डिस्क ब्रेकचे पॅड बसवून न घेताच, म्हणजे वेग घेऊन हळूहळू ब्रेक दाबत वीसेक वेळा थांबवल्याशिवायच, उतारावर गेलेले लोक.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. खोकं जोडायचा दर ठरलेला आहे आणि तो भिंतीवर लिहिलेला आहे. नीट जोडायला दोन ते अडीच तास जातात, तेवढ्या तासांची मजुरी मी घेतो, कमी नाही. जोडताना जे जे सापडलं ते कागदावर लिहून देतो, हँगर सरळ केला, दोन्ही चाकांचा आउट काढला, हबचे कोन सैल करून बसवले, आणि महिन्याभराने केबल वापरून थोड्या सैल पडल्यावर परत आणा हेही त्यावरच. लोकांना तो कागद वाचूनच कळतं की पैसे कशाचे दिले. पण चिमटा किंवा ब्रेकच धोक्याचे असतील आणि माणूस ते बदलायला तयार नसेल तर मी जोडत नाही, कारण लिहून देतो आणि पैसेही घेत नाही.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, स्वतःच्या दुकानातली सायकल विकताना तीच मजुरी बिलावर वेगळी ओळ करून दाखवा. जोडणी इतकी, पहिली सर्व्हिस इतकी, आणि पुढे "किमतीत धरलेली". आपण वर्षानुवर्षं हे काम फुकट असल्यासारखं देत आलो आणि मग लोकांनी नुसत्या किमतीला किंमत लावून बघितली तर चूक त्यांची कशी म्हणायची? साइझ बघण्याचंही तसंच. सीटची उंची, हँडलचं अंतर, सगळं मोजून द्यायचे मी पैसे घेतो आणि सायकल माझ्याकडून घेतली तर वजा करतो. नुसती चौकशी करायला येणारे थोडे कमी झाले, पण मोजून घेणारे मात्र बरेचसे परत आले.

सुट्या पार्टचं तर उलट आहे, तिथे ऑनलाइनपेक्षा आपण वरचढ आहोत. लोक २९ इंची सायकलीला ७०० सी मापाचा टायर का बसतो म्हणून गोंधळतात, दोन्हींच्या रिमचं माप ६२२ मिलिमीटरच असतो हे सांगितलं की काम संपतं. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) मागवतात आणि ती ज्यावर बसते तो फ्रीहब वेगळा निघतो, बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरते ते बेअरिंग) मागवतात आणि मापच जुळत नाही. चेन घासली की नाही तेही गेज लावल्याशिवाय कळत नाही, ११-१२ स्पीडला, म्हणजे मागे ११-१२ चकत्या असतील तर, ०.५ टक्के लांबली की बदलायची, हे खोक्याबरोबर कुणी सांगत नाही. ट्यूब, पॅड, केबल, चेन कायम जवळ ठेवा, आणि तुमच्या भागात ज्या सायकली जास्त चालतात त्यांचे हँगर.

अजून एक उदाहरण. सप्टेंबर २०२३ मध्ये सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीने २०१२ ते २०१९ मधल्या ११ स्पीडच्या काही हॉलोटेक नावाच्या क्रँक तपासणीला बोलावल्या, कारण चिकटवलेले दोन भाग सुटत होते. फक्त उत्तर अमेरिकेतच साधारण ७,६०,००० क्रँक होत्या. आता एवढ्या क्रँक बघायच्या कुणी? दुकानातल्या मेकॅनिकनेच. ज्याने ऑनलाइन घेतली होती त्यालाही शेवटी सायकल घेऊन दुकानाच्या दारात उभं राहावं लागलं. स्पेशलाइज्डसारख्या मोठ्या सायकल कंपनीनेही २०२२ मध्ये अमेरिकेत थेट घरपोच विकायला सुरुवात केली, पण दुकानांचं जाळं काही मोडलं नाही.

आता तुमच्यापुरतं. टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता येतो तो पाना) आणि हँगर गेज नसेल तर नवीन सायकलींचा माल भरायच्या आधी ते घ्या. दर लिहून लावा, आणि पुढचं खोकं येईल तेव्हा "कुठून घेतली" हे विचारूच नका, "सायकल कोण चालवणार आहे" एवढं विचारा. तुमच्याकडे काम करायचे स्टँड किती आणि मदतीला कुणी आहे का ते कळवा, दिवसाला किती खोकी जमतील आणि दर किती लावायचा हे मग आपण बसून ठरवू.