सहा महिन्यांत अभिनेत्री? एलिझाबेथ बॅरीला पाच वर्षं लागली

प्रश्न : मुलगी साताऱ्यात बी.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘आवाज पोचत नाही’ म्हणून तिला कॉलेजच्या एकांकिकेतून काढलं. तिच्या वाचनात एलिझाबेथ बॅरी ही सतराव्या शतकातली इंग्लिश नटी आली. तिलाही नाटक कंपनीने काढलं होतं, पण सहा महिन्यांच्या शिकवणीत ती लंडनची अव्वल नटी झाली म्हणे. आता मुलीला कॉलेज सोडून मुंबईत सहा महिन्यांचा अभिनयाचा कोर्स करायचा आहे. फी भरू शकतो, पण धास्ती वाटते. काय करावं? – एक पालक

उत्तर : मुलीने उदाहरण फार चांगलं निवडलंय. तिला ते पूर्ण वाचू द्या.

अर्ल ऑफ रॉचेस्टर या कवी-सरदाराने पैज लावून बॅरीला सहा महिन्यांच्या आत घडवलं, ही कथा १७४१ साली छापली गेली. बॅरी १७१३ मध्येच वारली होती. नाटकांच्या छापील प्रतींमधल्या पात्रयाद्या मात्र वेगळं सांगतात. १६७५ मध्ये नाटककार ओटवेच्या ‘अल्सिबायडीझ’मध्ये ती एका लहानशा भूमिकेत दिसते. १६७७ मध्ये नाटककार अ‍ॅफ्रा बेनच्या ‘द रोव्हर’मधली हेलेना. तिचं नाव खऱ्या अर्थाने गाजलं ते १६८० मध्ये ‘द ऑर्फन’मधल्या मोनिमियामुळे, आणि १६८२ च्या ‘व्हेनिस प्रिझर्व्ह्ड’मधल्या बेल्विडेराने ते पक्कं झालं. म्हणजे १६७५ ते १६८० अशी पाच वर्षं, आणि तीही रोज काम करत काढलेली.

तरी त्या कथेतला एक तपशील मुलीच्या कामाचा आहे. बॅरीला सूर आणि उच्चाराची लय पकडता येत नव्हती. म्हणून रॉचेस्टरने एकच भूमिका तिच्याकडून रंगमंचावर जवळजवळ तीस वेळा करून घेतली, त्यातल्या बारा-एक वेळा पोशाखासकट. कथा खरी असो-नसो, पद्धत बरोबर आहे. आवाज न पोचण्याचं कारण बहुतेकदा गळ्यात नसतं. वाक्य संपण्याआधीच श्वास संपतो, शेवटचा शब्द गिळला जातो, मान खाली जाते. मुलीने रोज अर्धा तास उभं राहून मोठ्याने वाचावं. ऐकणारा माणूस चाळीस फुटांवर बसवावा आणि प्रत्येक वाक्यातला शेवटचा शब्द त्याला ऐकू आला का, एवढंच विचारावं. ओरडून आवाज वाढवू नये, त्याने घसा बसतो.

त्या काळी काम कसं चालायचं तेही तिने समजून घ्यावं. १६४२ पासून बंद असलेली नाटकं १६६० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात लंडनच्या व्यावसायिक रंगमंचावर पहिली स्त्री ‘ऑथेल्लो’मध्ये डेस्डिमोना म्हणून उभी राहिली. नाटक थोडे दिवस चालायचं. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम, दुपारी आधीच्याचा प्रयोग. नटाच्या हातात पूर्ण संहिता पडत नसे. स्वतःची वाक्यं आणि त्याआधीचे दुसऱ्याचे चार शब्द एवढीच नक्कल मिळे. बॅरीने अशा शंभराहून जास्त भूमिका केल्या. म्हणून पहिली परीक्षा ही : मुलगी महिन्याला एक मोठी भूमिका तोंडपाठ करून उभी राहून करू शकते का? वर्षभर हे जमलं, तर फीचा विचार करा. तोपर्यंत कुठेच पैसे भरू नका.

पदवी सोडू देऊ नका. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागतेच, शिवाय नाटकांत काम केल्याचा अनुभवही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स या दोन्ही ठिकाणी नाटकात एम.ए. करता येतं. प्रत्येक संस्थेचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचून अटी तपासा. दरम्यान साताऱ्यातल्याच हौशी नाट्यसंस्थेत तिने आधी प्रॉम्प्टिंग, म्हणजे विसरलेलं वाक्य पडद्याआडून सुचवण्याचं काम, मागून घ्यावं. दुसऱ्यांच्या भूमिका पाठ होतात आणि ऐनवेळी कुणी आलं नाही, तर उभं राहायला तीच असते.

आता तुमची धास्ती. ती रास्त आहे. १६७७ मध्ये बॅरीला रॉचेस्टरपासून मुलगी झाली आणि पुढे त्याने ती तिच्याकडून काढून घेतली. तिची सहकारी अ‍ॅन ब्रेसगर्डल हिला १६९२ च्या डिसेंबरात लंडनच्या रस्त्यावर पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. तेव्हा कामाच्या ठिकाणी अशी तक्रार ऐकणारी समिती नव्हती. आज दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. प्रवेशाआधी समितीतल्या सदस्यांची नावं मागा. टाळाटाळ झाली तर तिथून परत या.

पैशाबाबत बॅरी पक्की होती. वर्षातून एका प्रयोगाचं उत्पन्न स्वतःसाठी मिळवणारी ती पहिली. १६८२ मध्ये लंडनच्या दोन्ही नाटक कंपन्या एक झाल्या, तसा नटांना दुसरा मालकच उरला नाही. पुढे मालकांनी नटांचे उत्पन्नातले वाटे कापायला सुरुवात केल्यावर १६९५ मध्ये ज्येष्ठ नट बेटर्टन, ब्रेसगर्डल आणि ती बाहेर पडली, राजाचा परवाना मिळवला आणि लिंकन्स इन फील्ड्सला स्वतःची भागीदारीतली कंपनी काढली. मुलीनेही कामाआधी चार गोष्टी लेखी घ्याव्यात : नाईट (एका प्रयोगाचं मानधन) किती, तालमीचे पैसे आहेत का, दौऱ्याचा प्रवास-राहण्याचा खर्च कुणाचा, प्रयोग रद्द झाला तर काय. सहा महिन्यांचा कोर्स विकणाऱ्याला मात्र एकच विचारा : मागच्या तुकडीतले विद्यार्थी सध्या कुठल्या नाटकात काम करतायत? नाटकाचं नाव आणि पुढच्या प्रयोगाची तारीख मिळाली, तर तिकीट काढून तो प्रयोग दोघांनी बघून या.