शॉर्ट फिल्मला संगीत द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पेटी आणि कीबोर्ड वाजवता येतो, लॅपटॉप आहे, पण या क्षेत्रात ओळखीचं कुणी नाही. माझंही असंच होतं. अजूनही पोटापाण्याला शिकवण्याच घेतो, फिल्मचं काम उरलेल्या वेळात.

ओळखीच हव्या असतील तर दिग्दर्शकामागे लागू नका, एडिटर गाठा. होतकरू दिग्दर्शकाची एक फिल्म होईपर्यंत दोन वर्षं जातात. एडिटरकडे एकाच वेळी तीन-चार चालू असतात आणि 'संगीताला कुणी आहे का?' हा प्रश्न त्यालाच विचारला जातो. दुसरी जागा म्हणजे एकांकिका. पुण्यात पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या करंडक स्पर्धांच्या दिवसांत तालमींना संगीताचा माणूस कमीच पडतो. नटाने श्वास घेतला की सूर हळूच काढून घ्यायचा, हे मी तालमीत शिकलो.

आता मुख्य गोष्ट. माझी पहिली फिल्म १२ मिनिटांची होती. पहाटे आई भाकऱ्या थापतेय, आतल्या खोलीत मुलगा कायमचा निघायची तयारी करतोय. मी त्यावर छान दर्दभरी बासरी घातली. दिग्दर्शिकेने ऐकली आणि काही न बोलता माझा ट्रॅक म्यूट केला. नुसता परातीतला थप थप आवाज राहिला. मधेच तो थांबतो, कारण आईला बॅगेची चेन लावल्याचं ऐकू येतं. अंगावर काटा आला. बासरीखाली ही चेन मलाच ऐकू आली नव्हती! शेवटी अख्ख्या फिल्ममध्ये माझं संगीत उरलं पावणेदोन मिनिटं.

तेव्हापासून मी आधी नुसता फिल्मचा आवाज ऐकतो, चित्र बंद करून. यात एक गंमत कळली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब किंवा फ्रिज गुणगुणतो तो साधारण १०० हर्ट्झवर, म्हणजे पेटीच्या पांढरी पाच या पट्टीपेक्षा किंचित चढा. संवादाच्या रेकॉर्डिंगमागे ही घरघर असली आणि तुमचा तानपुरा काळी चारला लावलेला असला, की काहीतरी बेसूर वाटत राहतं आणि कारण सापडत नाही. अशा वेळी मी षड्जच, म्हणजे मूळ 'सा'च, बदलतो.

बाकी तांत्रिक गोष्टी फार नाहीत. रीपर हे संगीत रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरून बघता येतं, परवानाही स्वस्त आहे. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, ४४.१ वर नको. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सची आहे की २५ ची, हे आधीच विचारा. एडिट लॉक होण्याआधी, म्हणजे कापाकापी पक्की होण्याआधी, बारीक काम करू नका. एक शॉट दोन सेकंदांनी कापला की सगळे क्यू, म्हणजे संगीत सुरू व्हायच्या जागा, सरकतात. आणि एडिटरने तात्पुरतं कुणाचं तरी गाणं लावून ठेवलं असेल, तर पहिल्यांदा त्याशिवायची कॉपी मागा. दिग्दर्शकाचा त्या गाण्यावर जीव जडलेला असतो, तुमचा जडला तर संपलं.

सराव म्हणून गाजलेल्या सिनेमांच्या प्रसंगांना नवं संगीत देतात, मला ते फारसं पटत नाही. त्या प्रसंगाचं मूळ संगीत डोक्यातून जातच नाही. त्यापेक्षा घरात मोबाइलवर दोन मिनिटं शूट करा आणि त्यातली वीस सेकंदंच संगीताने भरा.

पैशांचं मात्र चार ओळींत का होईना, लिहून घ्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला संगीतकाराचा वाटा निर्मात्याला सही करूनही देऊन टाकता येत नाही. शॉर्ट फिल्ममध्ये अशी रॉयल्टी क्वचितच येते, पण 'सगळे हक्क आमचे' असा छापील कागद पुढे आला तर हे माहीत असलेलं बरं. मला पहिल्या फिल्मचे काहीच मिळाले नाहीत. दुसरीचे साडेतीन हजार मिळाले, त्यातले हजार बासरीवाल्याला दिले. त्या फिल्ममध्ये बासरी राहिली.