‘विकृत प्रथिन’ की ‘घडी चुकलेलं प्रथिन’?

नागपूरहून आलेला प्रश्न असा : ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी छापायच्या पत्रकात ‘विकृत प्रथिनांमुळे पेशी मरते’ असं वाक्य आहे. ‘विकृत’ ठेवावं, की ‘दुमडलेली’ करावं?

दोन्ही नको. ‘विकृत’ म्हटलं की घटकच बदलले असं वाटतं; मिसफोल्डिंगमध्ये, म्हणजे प्रथिन चुकीचं वळतं तेव्हा, अमिनो आम्लांची माळ ठरल्या क्रमाचीही असू शकते, बिघडतो तो आकार. (शिवाय बातम्यांनी हा शब्द गुन्हेगारांना चिकटवून ठेवलाय.) आणि ‘दुमडलेलं’ तर नीट काम करणारं प्रथिनही असतं. भूगोलाच्या पुस्तकातलं ‘वलीकरण’ही बसत नाही : खडकाला बाहेरचा दाब वाकवतो, प्रथिनाची माळ मुख्यतः स्वतःच्या क्रमानुसार वळते.

‘घडी’ घ्या. संसाराची घडी बसते, विस्कटते, हे सगळ्यांच्या तोंडी आहे. फक्त नागपुरात ‘घडी बंद पडली’ म्हणजे घड्याळ बंद पडलं, म्हणून पहिल्यांदा ‘प्रथिनाची घडी’ असं पूर्ण लिहा. आणि ‘घडी न बसलेलं’ व ‘घडी चुकलेलं’ यांची सरमिसळ करू नका : पहिल्यात माळ अजून सैल आहे, दुसऱ्यात ती भलत्याच आकारात अडकली आहे. घडी बसवायला मदत करणाऱ्या प्रथिनांना, म्हणजे शॅपरोनना, ‘पाठराखीण’ म्हणावं. नव्या नवरीसोबत सासरी जाते तीच. याहून नेमका शब्द शोधूनही मिळणार नाही.

आता ‘मरते’. खरी चूक इथे आहे. घडी न बसलेली किंवा चुकलेली प्रथिनं आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं घडवणाऱ्या जाळ्यात, साचली की पर्क, आयआरई१ आणि एटीएफ६ ही तीन पहारेकरी प्रथिनं जागी होतात. नवं उत्पादन मंदावतं, पाठराखिणी वाढतात, टाकाऊ माल प्रथिनं मोडणाऱ्या यंत्राकडे, म्हणजे प्रोटिअ‍ॅझोमकडे तोडायला जातो. इथवर पेशी तगते. ताण ओसरलाच नाही, तर तीच यंत्रणा चॉप नावाच्या प्रथिनामार्फत पेशीला आत्मनाशाकडे ढकलते. ल्युकेमियाची पेशी पहिल्या टप्प्याचा फायदा उठवते. पाठराखिणींचा आधार तिला जालिकेबाहेरही लागतो : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात गुणसूत्र ९ आणि २२ यांच्या अदलाबदलीतून तयार झालेलं बीसीआर-एबीएल प्रथिन एचएसपी९० या पाठराखिणीच्या आधारावर टिकतं. आधार काढला की प्रोटिअ‍ॅझोम ते तोडून टाकतो.

म्हणून क्रियापद ‘जगते’ही नको, ‘तग धरते’ हवं. त्यात ताण आणि मर्यादा दोन्ही येतात.

पत्रकात ‘ब्लड कॅन्सर’ लिहिणार असाल तर जपून. प्रोटिअ‍ॅझोम रोखणाऱ्या बोर्टेझोमिब या औषधाला अमेरिकेत 2003 मध्ये मान्यता मिळाली ती मल्टिपल मायलोमासाठी. तोही ब्लड कॅन्सरच, पण ल्युकेमिया नव्हे.

वाक्य असं करा : ‘घडी चुकलेली प्रथिनं आवरण्याची यंत्रणा वापरून ल्युकेमियाची पेशी तग धरते, साठा आवाक्याबाहेर गेला, तर तीच यंत्रणा तिला मारते.’