बाबांचा स्कोअर ९ पैकी ८ आला, काय समजायचं?

प्रश्न : मॅडम, आई गेल्यापासून बाबा (वय ७१) गावी दादा-वहिनीकडे असतात, मी पुण्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकटेपणाची तीन प्रश्नांची टेस्ट आलेली, ती सहज फोनवर बाबांना विचारली तर ९ पैकी ८ आले आणि खाली लिहिलेलं की एवढा स्कोअर म्हणजे आत्महत्येचा धोका. माझी झोप उडालीय. दादा म्हणतो कसला एकटेपणा, रोज पारावर असतात, घरात नातवंडं आहेत.
– एक वाचक, पुणे

उत्तर : टेस्ट खरी आहे, खालची ओळ कुणीतरी मनानेच चिकटवलीय. अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात १९७८ साली एकटेपणा मोजायची २० प्रश्नांची टेस्ट तयार झाली, त्यातूनच २००४ मध्ये फोनवरच्या मोठ्या सर्व्हेसाठी हे तीन प्रश्न काढले. सोबतीला कुणी नाही असं वाटतं का, बाजूला टाकल्यासारखं वाटतं का, सगळ्यांपासून तुटल्यासारखं वाटतं का. ८ म्हणजे बाबांना खूप एकटं वाटतंय, आणि हे काही थोडं नाही, पण एका माणसाचं पुढे काय होणार ते त्यावरून कळत नाही, खरं तर कुठल्याच टेस्टवरून कळत नाही.

दादा वेगळंच मोजतोय, माणसं किती भेटतात ते. त्यासाठी लबेन स्केल म्हणून सहा प्रश्नांची टेस्ट आहे, पण त्यातही मनातलं बोलता येईल असे किती जण, हे विचारतातच. पारावर पाऊसपाणी निघतं, सोसायटीची निवडणूक निघते, बायकोची आठवण येते हे कोण काढतं हो?

आता आत्महत्येचं. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलं की 'आपलं कुणी नाही' याच्या जोडीला 'आपण सगळ्यांना ओझं झालोय' हे आलं की मरणाचे विचार येऊ लागतात. म्हणून स्कोअर सोडा, बाबा काय बोलतात ते ऐका. 'माझ्या गोळ्यांना कशाला खर्च', 'मी गेलो की सुटाल तुम्ही', हे म्हातारपणाची बडबड म्हणून आपल्याकडे सोडून देतात, मला ते अजिबात पटत नाही.

येत्या सुट्टीला गावी जा (असं काही बोलायला लागलेच असतील तर आजच निघा) आणि दोघंच असताना सरळ विचारा, 'बाबा, जगूच नये असं मनात येतं का?' विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. हो म्हणाले तर 'असं काय बोलता' म्हणून गप्प करू नका, एकटं ठेवू नका, फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली दादाकडे, आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःही सल्ल्यासाठी लावू शकता.

नाही म्हणाले तरी डॉक्टरांना दाखवाच, झोप-भूक कमी झाली असेल तर ते डिप्रेशनही असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जाताय तर कानही तपासून घ्या, ऐकू कमी आलं की भरल्या घरातही माणूस गप्पांतून बाहेर पडतो आणि घरच्यांना वाटतं, स्वभावच शांत झाला.