सातव्या प्रकरणाशी अडलेल्या मुलीला

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि कादंबरीचं बाड दोन्ही मिळालं. बाड दोनदा वाचलं, पत्र चारदा. तू लिहितेस की चार महिने झाले, सातव्या प्रकरणापुढं एक ओळ सरकत नाही. पहाटे उठतेस, वही उघडतेस, कालचं वाचतेस, खोडतेस आणि कामावर जातेस. आणि शेवटी ते वाक्य: 'बाई, माझ्यात ते नाहीच बहुतेक.'

त्या वाक्याकडं नंतर येते. आधी सातवं प्रकरण.

संप मिटतो त्या रात्री बाप घरी येतो. आई झोपलेली आहे. तो मुलीच्या उशाशी बसतो आणि हलक्या आवाजात तिला आपलं सगळं आयुष्य सांगतो. अडीच पानं. तिथंच तू थांबली आहेस, आणि मला वाटतं, तुझा हात अगदी बरोबर जागी थांबला. तीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस हलक्या आवाजात बोलतो का गं? इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात मी एकदाच गेले आहे, अर्धा तास. धोट्यांच्या खडखडाटात शेजारी उभ्या असलेल्याचं बोलणं कानावर येत नाही. माणसं हातवाऱ्यांनी बोलतात, ओठ बघून समजून घेतात. अशी वर्षं गेली की कान जातात. तो माणूस घरी 'मीठ दे' म्हणाला तरी भिंतीपलीकडं ऐकू जातं. तुझ्याच दुसऱ्या प्रकरणात आई त्याला म्हणते, 'हळू बोला, लोकांना वाटंल भांडण लागलंय.' ते तू घरात ऐकलेलं आहेस, म्हणून ते वाचताना मी थांबले होते. सातव्यात मात्र तुला त्याच्याकडून कादंबरीतल्या बापासारखं बोलून घ्यायचं होतं. दुसऱ्या प्रकरणातला माणूस उठून गेला आणि त्याच्या जागी कुणी परका येऊन बसला. तो पुढं काय करील हे तुला सुचत नाही, कारण तुझी त्याची ओळखच नाही.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. लिहिणं अडतं तेव्हा बहुतेक वेळा आपण थोडं मागं कुठंतरी न पाहिलेलं, किंवा पाहिलेलं बाजूला सारून सोयीचं, लिहून गेलेलो असतो. जिथं अडलं त्या ओळीकडं टक लावून ते सापडत नाही. पाच-दहा पानं मागं जावं लागतं. कधी वही मिटून उठावं लागतं आणि कुणाला तरी विचारावं लागतं.

माझी दुसरी कादंबरी पावणेदोन वर्षं एका उंबऱ्यावर अडली होती. नवरा गेल्यावर बाई माहेरी परत येते, दारात उभी राहते, आणि पुढं काही केल्या मला तिला आत नेता येईना. रडवून पाहिलं. गप्प ठेवून पाहिलं. भावजयीच्या तोंडी टोचून बोलणं घातलं, ते काढलं, परत घातलं. रात्री अंथरुणात पडले की वाटायचं, पहिली कादंबरी नुसती नशिबानं झाली. मग एका दिवाळीत मावशीकडं गेले होते. ती अशीच परत आलेली, चाळीस वर्षांपूर्वी. भीतभीतच विचारलं, 'मावशी, तू आलीस त्या दिवशी घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काय केलंस?' ती म्हणाली, 'काय करणार? नळ जायची वेळ झालेली. बादली उचलली.' त्या रात्री मी अकरा पानं लिहिली. बादलीमुळं भावजय कुठं उभी होती ते कळलं, आईनं तोंड का फिरवलं ते कळलं, सगळं घर कळलं.

तेव्हा तू बापाला विचार. कादंबरीतल्या नव्हे, तुझ्या. आयुष्याबद्दल विचारू नकोस, सांगणार नाहीत. कामाचं विचार. बावन्न पिकाच्या, म्हणजे इंचाला बावन्न आडवे दोरे असलेल्या कापडाला मीटरमागं काय मिळायचं, तुम्ही लागला तेव्हा किती होतं? रात्रपाळीत दोरा तुटत राहिला तर त्या वेळेची मजुरी कुणाच्या पदरची जाते? ताण्याचं बीम संपलं की वहिफणी होईपर्यंत, म्हणजे नव्या बीमचे दोरे जोडून होईपर्यंत, तुम्ही काय करत बसायचा? संप मिटल्यावर पहिल्या दिवशी मागाला हात लावला तेव्हा तो कसा होता? बघ, याचं उत्तर ते लांबलचक देतील, आणि मोठ्यानं देतील. पहिल्या प्रकरणात तू '१९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आला' असं लिहिलं आहेस. खरं आहे, पण ती ओळ तिथं शाळेच्या वहीतून आल्यासारखी पडून आहे. ती कुणाच्या तरी तोंडी यावी किंवा जावी.

आता ते वाक्य.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' पंचविसाव्या वर्षी, काही दिवसांत लिहून झाली आणि माझी तीन वर्षं चाललीय, असं तू लिहिलंस. हे माप तू स्वतःला लावून घेऊ नयेस असं मला फार मनापासून वाटतं. 'कोसला' आली १९६३ साली. त्याच नेमाड्यांची 'झूल' १९७९ची, आणि तिच्यानंतरची 'हिंदू' आली २०१० साली. मधे एकतीस वर्षं गेली. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली, हे आपण सगळे कौतुकानं सांगतो. पण आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती, आणि तेवढी वर्षं ते तिला मनात घेऊन हिंडत होते. तुझी तीन वर्षं कशात मोजायची हे आज तुला किंवा मला ठरवता येणार नाही.

शंका येते ती येऊ दे. माझी अजून गेलेली नाही. फक्त पहाटे तिला वहीजवळ बसू देऊ नकोस. पहाटे खोडणं बंद. आदल्या दिवशीचं फक्त शेवटचं वाक्य वाचायचं आणि पुढं जायचं. खोडायचं असेल ते रविवारी, एका बैठकीत, पेन्सिलनं.

आणि एक कर. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानं लिहिल्या. काही अपुऱ्याही राहिल्या. पण 'पण लक्षांत कोण घेतो?' आपल्या हाती आली ती त्याच हप्त्यांतून. पुढचा अंक निघायचा, वाचणारे वाट बघायचे. तुझी वाट बघणारं कुणी नाही म्हणून तू रोज स्वतःलाच विचारत बसतेस की हे चांगलं आहे का. एक माणूस शोध. साहित्यातला नको. तुझ्या हपीसात डबा खायला बसणारी ती मैत्रीण चालेल, तिच्याबद्दल तू लिहिलं होतंस. दर गुरुवारी तिला चार पानं वाचून दाखव. मत विचारायचं नाही. ती 'मग?' म्हणाली तर पुढच्या गुरुवारची पानं लिही. कुठं तिचं लक्ष डब्याकडं गेलं, त्या ओळीला खूण कर.

ती प्रकाशन संस्था, जिनं तुझी पहिली तीन प्रकरणं 'सध्या शक्य नाही' म्हणून परत केली, तिच्यावर फार पानं खर्च केलीस पत्रात. मला समजतं. माझं पहिलं बाड एका प्रकाशकाकडून सात महिन्यांनी परत आलं तेव्हा मी बांधलेली सुतळीची गाठ तशीच होती. दोन दिवस मी जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं की माझ्या लिहिण्याबद्दल त्यात काहीच सांगितलेलं नाही, ते कुणी उघडलेलंच नव्हतं. तीच सुतळी वापरून दुसरीकडं पाठवलं.

बाड उद्याच्या पोस्टानं परत पाठवते. खुणा पेन्सिलीच्या आहेत, नको त्या पुसून टाक. सातव्यातली अडीच पानं मी खोडलेली नाहीत, ते तुझं तू ठरव. पण पान ११२ वर, बाप बोलायला लागायच्या आधी, तू एक वाक्य लिहिलं आहेस: तो वाकून मुलीच्या केसात अडकलेली कापसाची फुलकी काढतो. बोटं जाड, तरी एक केस ओढला जात नाही. त्या वाक्याच्या पुढची ओळ कोरी ठेव आणि आधी वडिलांशी बोलून ये.

तुझी,
बाई